कुणी इचारलं का तुम्हास्नी?

आण्णांचा फोन रविवारी येतो. इथे जर्मनीत, डॉर्टमुंडमध्ये, दुपारचे दोन वाजलेले असतात आणि कोल्हापुरात दिवेलागण झालेली असते. मोसम चालू असेल तर ते फुटबॉलची मॅच बघून शाहू स्टेडियमवरून नुकतेच घरी आलेले असतात, चहा व्हायचा असतो, आणि पहिली पाच मिनिटं पंचाने न दिलेल्या पेनल्टीवर जातात. २०२३ च्या डिसेंबरातल्या त्या रविवारी मात्र मीच आधी सुरू झाले. (कोल्हापूरच्या मुली 'मी जातो, मी येतो' म्हणतात. बाकी कुठे माझं तसं होत नाही, पण आण्णांशी बोलताना अजून तेच होतं.)

"आण्णा, इथल्या लीगवाल्यांनी वाटा विकायचं ठरवलंय. वीस वर्षांसाठी."

"कुणाला?"

"पैसा गुंतवणारी कंपनी घ्यायची म्हणत्यात कुठली तरी. टीव्हीच्या पैशातनं तिला आठ टक्क्यांपर्यंत द्यायचं."

"आन् तुम्हास्नी कुणी इचारलं का?"

"न्हाई."

"मग बोंबलायचं की स्टेडियमात!"

"न्हाई आण्णा, गप ऱ्हायचं ठरलंय. पहिली बारा मिनिटं. मी बी गप उभा ऱ्हाणार हाय."

"गप?" त्यांना वाटलं फोन कटला. चाळीस वर्षं गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडलेल्या माणसाला हे पटण्यासारखं नव्हतं. पण त्यांचा आधीचा प्रश्न मला पुढे अडीच महिने पुरला. त्या हिवाळ्यात जर्मनीत जे घडलं ते समजावून सांगायला माझ्याकडे त्याहून चांगलं वाक्य आजही नाही.

झालं होतं ते असं. जर्मनीच्या पहिल्या दोन विभागांत मिळून ३६ क्लब आहेत आणि त्यांची लीग चालवणारी संस्था म्हणजे डीएफएल. २०२३ च्या मे महिन्यात संस्थेने एक प्रस्ताव आणला होता: प्रक्षेपण हक्कांची कंपनी वेगळी काढायची, तिच्यातला १२.५ टक्के वाटा २० वर्षांसाठी बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचा. त्याला दोन तृतीयांश मतं, म्हणजे २४, हवी होती. पडली २०. प्रस्ताव बारगळला. सात महिन्यांनी तोच विचार थोडा आवळून पुन्हा आला. वाटा आठ टक्क्यांपर्यंत, बदल्यात सुमारे एक अब्ज युरो. ११ डिसेंबरला मतदान झालं. बाजूने २४, विरोधात १०, तटस्थ २. एकही मत जास्त नाही, एकही कमी नाही.

मी ज्या घरात राहते तिथे वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. मी त्यांना आडनावाने हाक मारते, इथल्या रीतीप्रमाणे, पण मनातल्या मनात ते आजोबाच. इथल्या स्टेडियममधल्या दक्षिण स्टँडचा, म्हणजे उभं राहून सामना बघायच्या भागाचा, मोसमभराचा पास त्यांच्याकडे कित्येक वर्षं आहे. मला आधी कधीमधी आणि आता बऱ्याचदा घेऊन जाणारे तेच, कारण त्यांच्या शेजारी उभे राहणारे मित्र आता जिने चढू शकत नाहीत. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी ते जिन्यात भेटले. हातात वर्तमानपत्र होतं. 'आम्हाला सांगितलं जातं, विचारलं जात नाही,' असं काहीसं म्हणाले आणि पिशव्या उचलून वर गेले. डॉर्टमुंड आणि आण्णांची मंगळवार पेठ एकाच वाक्यावर आले होते.

हे मला इतक्या लवकर का कळलं, ते सांगायचं तर तालमीकडे जावं लागेल.

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ म्हणजे तालमी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. आधी कुस्तीचा हौदा, मग गणपती, मग फुटबॉल. की फुटबॉल आधी आणि मग गणपती, हा आमच्याकडे न संपणारा वाद आहे. तालीम कुणाच्या मालकीची असते, असं कुणी विचारलं तर कोल्हापूरकराला प्रश्नच समजणार नाही. पेठेची असते. वर्गणी काढणारे, खेळाडूंच्या बुटांची सोय करणारे, मॅचच्या आदल्या रात्री कट्ट्यावर संघ ठरवणारे, हरल्यावर दोन दिवस जेवण न जाणारे, सगळ्यांची. माझ्या लहानपणी आण्णा मला खांद्यावर बसवून गॅलरीत न्यायचे. दहा-अकरा वर्षांची झाले तसं ते बंद झालं. मुलीची जात, तिथली गर्दी, तिथली भाषा. मी रुसले, मग विसरले असं वाटलं. मी ते विसरले नव्हते हे कळायला मला डॉर्टमुंडच्या उभ्या स्टँडपर्यंत यावं लागलं. तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या शेजारी एक बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला गाण्याचे शब्द कानात सांगत होती. मला तो सामना आठवत नाही, ती मुलगी आठवते.

जर्मन भाषेत फेराइन म्हणतात तीही तालीमच. नोंदणी केलेली संघटना, वर्षाची वर्गणी, एका सभासदाला एक मत, वार्षिक सभेत उठून अध्यक्षाला जाब विचारायचा हक्क. १९०९ च्या १९ डिसेंबरला बोर्झिगप्लात्स चौकाजवळच्या एका बिअरच्या गुत्त्यात काही पोरांनी डॉर्टमुंडचा हा क्लब, बोरुसिया, काढला. चर्चच्या तरुण मंडळातली पोरं. तिथल्या धर्मगुरूंना फुटबॉलचा तिटकारा, त्यांच्याशी भांडून बाहेर पडलेली. मी आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हंजे पेठेतलीच की."

१९९८ मध्ये जर्मन फुटबॉल संघटनेने क्लबांना आपला व्यावसायिक संघ कंपनीत बदलायची परवानगी दिली, पण एक अट घातली: निम्मी मतं आणि वर एक मत, इतकं सभासदांच्या मूळ संघटनेच्या हातात राहिलं पाहिजे. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग असे अपवाद आहेत, पळवाटाही आहेत, पण नियम टिकला. उभ्या स्टँडची तिकिटं इथे अजून कामगाराला परवडतात, त्यामागे हा नियम आहे. पैसेवाला येऊ शकतो, पण शेवटचं मत पेठेचं.

हे मी इतक्या जिव्हाळ्याने सांगते आहे म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्यापाराशिवाय मी इथे पोहोचलेच नसते. २०१३ साली मी पुण्यात हॉस्टेलवर होते. २५ मेच्या रात्री सव्वाबारा वाजता आम्ही सात-आठ जणी एका छोट्या टीव्हीसमोर बसलो होतो. वेम्ब्लीवर युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल, डॉर्टमुंड विरुद्ध बायर्न. ८९ व्या मिनिटाला रॉबेनने गोल केला आणि आम्ही १-२ हरलो. 'आम्ही' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वापरला, ज्या गावाचं स्पेलिंग मला धड येत नव्हतं त्या गावासाठी. मला ओढलं होतं ते गोलांनी नाही. त्या मोसमातले सामने बघताना गोलपोस्टच्या मागे एक पिवळी भिंत दिसायची, हलणारी, गाणारी. २५ हजारांच्या आसपास माणसं एकाच स्टँडवर उभी. मला शाहू स्टेडियमची गॅलरी दिसायची त्यात.

तेव्हा डीएफएलच्या माणसांच्या आकडेमोडीत मी आहे, हे मला माहीत आहे. परदेशातून मिळणाऱ्या प्रक्षेपणाच्या पैशात इंग्लंड जर्मनीच्या कितीतरी पुढे आहे. तो फरक भरून काढायचा, परदेशी प्रेक्षकांसाठी नवे मंच उभारायचे, म्हणून हा एक अब्ज हवा होता. रात्री सव्वाबाराला जागणारी पुण्यातली मुलगी म्हणजे त्यांची बाजारपेठ. त्यांना खलनायक म्हणण्याची माझी इच्छा नाही. पण त्या मुलीला टीव्हीवरून जे विकलं गेलं ते काय होतं? ती भिंत. ती भिंत ना लीगने बांधली, ना कुठल्या कंपनीने. ती दर पंधरा दिवसांनी माणसं स्वतः येऊन बांधतात, तिकीट काढून, थंडीत उभी राहून. त्यांचाच आवाज पेटीत भरून वीस वर्षांसाठी गहाण टाकायचा आणि त्यांना वर्तमानपत्रातून कळवायचं?

त्या आवाजाची किंमत सगळ्यांना एकदा कळून चुकली होती. २०२० च्या १६ मे रोजी, महामारीनंतर लीग पुन्हा सुरू झाली तो सामना इथलाच, शाल्केविरुद्ध. स्टेडियम रिकामं. मी स्टेडियमपासून चालत पोहोचता येईल इतक्या अंतरावर राहूनही तो टीव्हीवर बघितला. चेंडूला बूट लागल्याचा आवाज, गोलकीपरची हाक, बाकावरच्या टाळ्या. डॉर्टमुंड ४-० ने जिंकलं आणि सामना संपल्यावर खेळाडू, एकमेकांपासून अंतर ठेवून, रिकाम्या दक्षिण स्टँडसमोर जाऊन उभे राहिले. रोजच्यासारखे. समोर कुणी नव्हतं. मला रडू आलं.

म्हणून बारा मिनिटांचं मौन ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना मी मानते. अकरा खेळाडू आणि बारावा माणूस म्हणजे प्रेक्षक. त्याची बारा मिनिटं. देशभरातल्या, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या स्टँडांनी ती पाळली. नाताळच्या आधीच्या घरच्या सामन्याला मी आजोबांशेजारी उभी होते. शिटी वाजली आणि काहीच झालं नाही. ढोल नाही, गाणं नाही. ज्या भागातून एरवी कानठळ्या बसतात तिथे लोक हात खिशात घालून उभे. पाठीमागे कुणाला तरी खोकला लागला तो मला ऐकू आला. मैदानावर खेळाडू एकमेकांना हाका मारत होते, आणि त्या महामारीतल्या शनिवारचाच आवाज पुन्हा आला. फरक इतकाच की या वेळी आम्ही आत होतो. बाराव्या मिनिटानंतर जे सुटलं त्याचं वर्णन मी करणार नाही. आजोबांनी माझा हात धरला होता, घट्ट, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

आजोबांच्या रागाची मुळं जुनी आहेत. ते ह्योर्डे भागातल्या पोलाद कारखान्यात होते. २००१ मध्ये तो बंद झाला. मग चिनी कामगार आले, सगळा कारखाना बोल्टगणिक सुटा केला आणि जहाजावर चढवून चीनला नेला. त्या जागी आता तळं आहे, काठावर महागडी घरं आहेत, मी तिथे फिरायला जाते. त्यांनी मला एकदाच तिथे नेलं आणि पाण्याकडे बोट करून आपली पाळी कुठे चालायची ते दाखवलं. क्लबही तसाच जाता जाता वाचला. २००० मध्ये शेअर बाजारात उतरलेला हा पहिला जर्मन क्लब, पुढच्या चार वर्षांत खर्च आवरेना, स्टेडियमही एका गुंतवणूक फंडाला विकून बसला. १४ मार्च २००५ रोजी त्या फंडाच्या गुंतवणूकदारांनी सवलत द्यायला होकार दिला म्हणून दिवाळं टळलं. 'आधी पैसा येतो, मग पैसा मागायला येतो,' हे आजोबांचं म्हणणं त्यांनी कुठे वाचलेलं नाही.

आणि क्लबला त्या खड्ड्यातून वर काढणारे प्रमुख होते हान्स-योआखिम वात्सके. आजोबा त्यांना आजही मानतात. तेच वात्सके २०२३ मध्ये डीएफएलच्या देखरेख मंडळाचे अध्यक्ष होते आणि या व्यवहाराच्या बाजूने उभे होते. घरातल्याच मोठ्या माणसाने सही करावी तसं होतं ते. आजोबा त्यांच्याविषयी वाईट बोलले नाहीत. फक्त त्या विषयावर बोलायचे थांबले.

जानेवारी संपता संपता टेनिसचे चेंडू आले.

हे चेंडू डॉर्टमुंडच्याच लोकांनी आधी वापरले होते. २०१६ च्या फेब्रुवारीत श्टुटगार्टला कपचा सामना होता, तिकिटं महाग लावली होती, म्हणून पाहुण्यांच्या स्टँडमधून मैदानावर टेनिस बॉल टाकले गेले. जर्मनमध्ये 'मोठं टेनिस' म्हणजे आपलं 'लय भारी', त्याचाच हा टोमणा. त्यानंतर २०१८ चा सोमवार. लीगने मोसमातले काही सामने सोमवारी रात्री ठेवले होते, टीव्हीला आणखी एक संध्याकाळ हवी म्हणून. २६ फेब्रुवारीला आउग्सबुर्गचा संघ आला, त्यांच्या पाठीराख्यांना सहाशे किलोमीटर येऊन मंगळवारी सकाळी कामावर हजर व्हायचं. एरवी ऐंशी हजारांनी भरणाऱ्या स्टेडियममध्ये त्या रात्री ५४,३०० माणसं होती आणि पिवळ्या भिंतीच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. आजोबा गेले नाहीत. रेडिओसुद्धा लावला नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लीगने २०२१ पासून पहिल्या विभागातले सोमवारचे सामने बंद करायचं ठरवलं. म्हणजे हे लोक जिंकू शकतात, हे त्यांना ठाऊक होतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी निघताना आजोबांनी माझ्या हातात एक चेंडू ठेवला. "माझा खांदा नाही चालत," म्हणाले. मी तो कोटाच्या खिशात टाकला. सामना सुरू झाला, काही वेळाने चेंडू पडायला लागले, पिवळ्या गारांसारखे. खेळाडू ते पायाने बाहेर लोटत होते, कर्मचारी बादल्या घेऊन धावत होते. माझा हात खिशात होता. मी टाकला नाही. इथे मी पाहुणी आहे का, हा प्रश्न इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इतका जवळून पडला. व्हिसा, नागरिकत्वाचा अर्ज, फोटोत आपला चेहरा. आजोबांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्या आठवड्यांत असंच सगळीकडे चाललं होतं. बर्लिनमध्ये हेर्टा आणि हॅम्बुर्गचा सामना ३२ मिनिटं थांबला. सोन्याच्या कागदातली चॉकलेटची नाणी, दूर नियंत्रणाने चालणाऱ्या धूर सोडत्या खेळण्यातल्या मोटारी, गोलपोस्टला लावलेली सायकलची कुलपं. सगळं मला पटलं असं नाही. हॅनोव्हर क्लबच्या मूळ संघटनेने आपले प्रतिनिधी मार्टिन किंट यांना विरोधात मत द्यायला सांगितलं होतं. मतदान गुप्त, काय मत दिलं ते सांगायला ते तयार नव्हते, आणि चोविसातलं एक मत सरकलं असतं तर निकाल उलटा होता. राग समजतो. पण स्टँडमध्ये फलकावर त्यांचा चेहरा बंदुकीच्या नेमाच्या वर्तुळात धरला गेला, ते अत्यंत वाईट होतं. कोल्हापुरात पाठीराख्यांची दगडफेक मी डोळ्यांनी पाहिली आहे. प्रेमाच्या नावाखाली ती खपवून घेता येत नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही.

वाटा घ्यायला उरलेल्या दोन गुंतवणूक कंपन्यांपैकी ब्लॅकस्टोन आधी बाहेर पडली. राहिली सीव्हीसी. आणि २१ फेब्रुवारीला, बुधवारी, डीएफएलच्या कार्यकारी मंडळाने एकमताने सगळी प्रक्रिया थांबवली. आजोबांनी दार वाजवलं, आत आले, बूट न काढता. मी चहा केला. आम्ही फार काही बोललो नाही.

आण्णांना कळवलं तेव्हा ते गोव्याच्या विषयावर गेले. गोव्याच्या संघांना ते मानतात. धेंपो पाच वेळा देशाचा विजेता, साळगावकर, स्पोर्टिंग. २०१० मध्ये आपल्या फुटबॉल महासंघाने १५ वर्षांचे व्यापारी हक्क ७०० कोटींना दिले, २०१४ ला नवी लीग आली, आणि पहिली नऊ वर्षं खालच्या लीगमध्ये जिंकून तिच्यात जायचा रस्ताच नव्हता. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग देशाच्या जुन्या आय-लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ धेंपोही. "त्येंच्यासाठी कुणी बॉल फेकला न्हाई," आण्णा म्हणाले. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगमध्ये हरलेली तालीम खाली जाते, जिंकलेली वर येते. एवढा साधा न्याय देशाच्या लीगला नऊ वर्षं जमला नाही. पुढे तो १५ वर्षांचा करार २०२५ मध्ये संपत आला, नवा काही ठरला नव्हता, आणि पुढचा मोसम वेळेवर सुरूच झाला नाही. खेळाडू घरी बसले. जर्मनीतल्या वीस वर्षांच्या कराराबद्दल मी ज्या जोराने बोलते, त्या जोराने मी माझ्या देशातल्या पंधरा वर्षांच्या कराराबद्दल कधी बोलले नाही, हे मला त्या फोनवर बोचलं.

इथेही सगळं मिटलेलं नाही. मेच्या अखेरीस, चॅम्पियन्स लीगच्या फायनलला तीन दिवस असताना, आमच्याच क्लबने राइनमेटाल या शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीशी जाहिरातीचा करार जाहीर केला. या वेळी लीगकडे बोट दाखवायची सोय नव्हती. आजोबा सभासद सभेची वाट बघत राहिले, चष्म्याच्या डबीखाली ठेवलेला सभेच्या नियमांचा कागद रोज काढून वाचत.

मी त्याआधीच, मेच्या पहिल्या आठवड्यात, कोल्हापूरला जाऊन आले होते. हिवाळ्याचा कोट ठेवणीत टाकताना खिशात तो चेंडू सापडला होता, तो बॅगेत टाकून नेला. आण्णांना दाखवला. त्यांनी तो दाबून बघितला, उजेडात धरला, आणि विचारलं, "टाकला न्हाईस?"

"न्हाई टाकला, आण्णा."

ते काही बोलले नाहीत. बोळात पोरांचं क्रिकेट चाललं होतं आणि त्यांचा बॉल गटारात जाऊन जाऊन काळा पडला होता. आण्णांनी दारातूनच एकाला हाक मारली आणि चेंडू त्याच्याकडे टाकला. पोरगं खूश झालं. "कुठनं आणला, आण्णा?" त्याने विचारलं, पण उत्तरासाठी थांबला नाही. पुढच्याच बॉलला कुणीतरी उचलून मारला, आणि तो तालमीच्या पत्र्यावर दोन टप्पे खाऊन पलीकडे गेला.